पोलिसांच्या वर्गातली आई

पोलिसांच्या ट्रेनिंगमध्ये आईची भूमिका करायला बाई हवी आहे, अशी चिठ्ठी मला आमच्या भागातल्या लायब्ररीच्या फळ्यावर दिसली. खाली लिहिलं होतं, 'मातृभाषा जर्मन नसेल तर उत्तम.' चौदा वर्षं हॅम्बर्गमध्ये काढल्यावर माझ्या मोडक्या जर्मनची कुणाला तरी गरज आहे, हे मी पहिल्यांदाच वाचत होते. मी तिथूनच फोन लावला.

इथल्या शाळांना एक ठरलेला पोलीस असतो. तो शाळेच्या फाटकावर उभा राहत नाही. जवळच्या चौकीत त्याची नेहमीची ड्यूटी असते आणि तीन-चार शाळा त्याच्याकडे असतात. मारामारी झाली, कुणाचा फोन चोरीला गेला, कुणी कुणाचा नको तो फोटो पाठवला, की त्याला बोलावतात. पण हल्ली त्याला बोलावणं येतं ते वेगळ्याच कारणांसाठी. मूल वर्गातून पळून जातं, स्वतःला संडासात कोंडून घेतं, थरथर कापत जिन्याखाली बसतं, आणि मुख्याध्यापकांना काही सुचत नाही. अशा वेळी वर्दीतल्या माणसाने काय करायचं आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही, हे शिकवायला तो चार दिवसांचा वर्ग होता.

शिकवणाऱ्या बाई मानसोपचारतज्ज्ञ होत्या. बारीक, केस पांढरे, आणि वर्गात बूट काढून स्वतः विणलेल्या जाड मोज्यांवर वावरायच्या. मी पुण्यात मानसशास्त्रात एम. ए. केलंय, हे मी त्यांना सांगितलं. इथे त्या पदवीवर कुणी मला समुपदेशन करू देत नाही, म्हणून मी अर्धा दिवस एका बालवाडीत काम करते, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "उत्तम. पण इथे तुम्ही तज्ज्ञ नाही आहात. इथे तुम्ही घाबरलेली आई आहात. जमेल?"

"जमेल," मी म्हटलं. तेव्हा मला ते अवघड वाटलं नव्हतं.

वर्गात चौदा पोलीस होते. बहुतेक तिशी-पस्तिशीचे, व्यायाम केलेले, वहीत नीट नोंदी करणारे. आणि एक होते एकोणसाठ वर्षांचे, दारातून आत येताना आपोआप मान वाकवणारे, हनुवटीखाली पांढरी दाढी असलेले. वीस वर्षं ते बंदरातल्या पोलिसांच्या बोटीवर होते. गुडघे गेले तेव्हा त्यांना बोटीवरून उतरवून तीन शाळा दिल्या. त्यांचा आवाज बोटीवरच घडला होता. सकाळी ते "मॉइन!", म्हणजे इथला नमस्कार, म्हणाले की खिडकीची काच थरथरायची. पहिल्याच दिवशी ते सगळ्यांसाठी दालचिनीचे गोड पाव घेऊन आले आणि मला त्यातला सगळ्यात चिकट, कडेचा मिळाला. "हाच चांगला असतो," ते खासगीत सांगावं तसं, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. पुण्यात आम्ही शाळेबाहेरच्या ट्रॅफिक हवालदाराला काका म्हणायचो. यांनाही मी मनातल्या मनात काका म्हणायला लागले.

काका या वर्गात सगळ्यात मागे होते. बाईंनी दुसऱ्या दिवशी जोड्या लावल्या. समोरासमोर बसायचं, एकाने दोन मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने फक्त ऐकायचं. मधे प्रश्न नाही, सल्ला नाही. टेबलावर अंडी उकडताना लावतात तो टायमर ठेवला होता. काकांच्या समोर मी होते. बालवाडीतली एक मुलगी हरवली होती त्या दिवसाबद्दल मी जेमतेम दोन वाक्यं बोलले असेन.

"किती वाजता?" काकांनी विचारलं.

बाई म्हणाल्या, "प्रश्न नको."

मी पुन्हा सुरुवात केली. काका खुर्चीत हलले, त्यांनी पेन काढलं, खिशात ठेवलं, परत काढलं. मग न राहवून म्हणाले, "पण मुलीने निळं जाकीट घातलं होतं की काळं?"

सगळा वर्ग हसला. मलाही हसू आलं. ते ऐकत नव्हते, पंचनामा करत होते. बाईंनी टायमर परत लावला, मग तिसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा काकांनी तोंड मिटून धरलं, पण त्यांचा चेहरा इतका लाल झाला की बोलता बोलता मीच थांबले आणि विचारलं, "तुम्हाला बरं वाटतंय ना?"

जेवणाच्या सुट्टीत ते एकटेच खिडकीशी उभे होते. मी शेजारी गेले. ते खाली बघत म्हणाले, "बोटीवर वायरलेस गप्प झाला की आम्ही इंजिन सुरू करायचो. गप्प म्हणजे कुणीतरी बुडतंय. वीस वर्षं हेच. आता या बाई म्हणतात गप्प बसा."

मी माझ्या डब्यातली चटणी-पोळी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी गुंडाळी एका घासात खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. असं काहीतरी पाहिजे होतं."

तिसऱ्या दिवशी मुख्य रोल-प्ले होते. माझ्या कागदावर लिहिलं होतं: तुमची पंधरा वर्षांची मुलगी शाळेच्या संडासात कोंडून घेऊन बसली आहे. तुम्ही कामावरून धावत आला आहात. समोर पोलीस आहे.

दोन तरुण पोलिसांबरोबर मी ते व्यवस्थित केलं. रडले, ओरडले, हात झटकला. एकाने मला पाण्याचा ग्लास दिला, एकाने बसायला खुर्ची दिली, दोघांनी शिकवल्याप्रमाणे वाक्यं म्हटली. तिसरा नंबर काकांचा. ते वही उघडून समोर बसले आणि आम्ही पहिल्या वाक्यातच अडकलो. मी म्हणायची, "माझी मुलगी," ते म्हणायचे, "वय? वर्ग? याआधी असं झालंय?" मी उत्तरं देत गेले. बाईंनी हात वर केला.

"थांबा. तुम्ही जर्मनमध्ये फार नीट बोलताय," त्या मला म्हणाल्या. "घाबरलेली आई व्याकरण सांभाळत नाही. ती आपल्या भाषेत जाते. तुमच्या भाषेत बोला."

"पण यांना काही कळणार नाही."

"तेच तर."

मी काकांकडे बघितलं. त्यांच्या हातात पेन तसंच होतं. मी मराठीत सुरुवात केली, म्हणजे स्क्रिप्टमधलंच मराठीत सांगायचं ठरवून. आणि पहिला शब्द आला तो 'नको'.

"नको," मी म्हटलं. "नको मला आता कुणी काही विचारायला. नको. रोज सकाळी सात वाजता मी तिच्या दाराशी उभी असते. रोज विचारते, पोट दुखतंय का, कुठे दुखतंय, काल काय खाल्लंस, शाळेत काही झालं का. ती म्हणते काही नाही. मी लोकांच्या मुलांना शी-शू शिकवते, त्यांची भांडणं सोडवते, आणि माझ्या पोरीला मला एक शब्द सांगावासा वाटत नाही. नवरा म्हणतो वय आहे. सासूबाई फोनवर म्हणतात दृष्ट काढ. नको. मी एवढं शिकले, त्यातलं एक अक्षर मला माझ्या घरात वापरता येत नाही..."

मी कुठे पोचले हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी खरीखुरी रडत होते. स्क्रिप्टमधली मुलगी पंधराची होती. माझी तेराची आहे. गेले सहा आठवडे ती आठवड्यातून दोन-तीनदा शाळा बुडवत होती, आणि हे मी बालवाडीतल्या, मराठी मंडळातल्या, कुणालाही सांगितलं नव्हतं.

काकांनी वही मिटून खुर्चीखाली ठेवली. पेन वहीवर ठेवलं. त्यांचे हात मोठे, भेगाळलेले. ते त्यांनी गुडघ्यांवर उपडे ठेवले आणि ते माझ्याकडे बघत बसले. शब्द कळतच नसल्यामुळे विचारायला त्यांच्याकडे काही उरलंच नव्हतं. टायमर कुणी लावला नव्हता. किती वेळ गेला माहीत नाही. मग ते अगदी हळू, मी तोवर न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "तुम्ही काय बोललात ते मला कळलं नाही. पण तुम्ही फार दमला आहात. मी इथे आहे. मला कुठे जायचं नाहीये."

बाईंनी नंतर मला विचारलं, "काय म्हणालात तुम्ही?"

"स्क्रिप्टमधलंच," मी खोटं सांगितलं.

कॉफीच्या वेळी काका आपला थर्मास घेऊन आले. त्यात कॉफी नव्हती, कडक काळा चहा होता. मला कप भरून देत म्हणाले, "ते स्क्रिप्टमधलं नव्हतं."

"कशावरून?"

"स्क्रिप्टमधल्या आईला घाई होती. तुम्हाला नव्हती." एवढंच बोलून ते साखर शोधायला गेले. पुढचं काही त्यांनी विचारलं नाही. आदल्या दिवशी त्यांनी जाकिटाचा रंग विचारला असता.

पुढच्या मंगळवारी सकाळी माझ्या मुलीचं पोट पुन्हा दुखलं. नवरा तिच्या दारावर टकटक करून, "बेटा, आठ पाचची बस आहे हं," असं सांगून स्वतःच्या ऑफिसला पळाला. मी बालवाडीला उशीर होईल असं कळवलं आणि तिच्या खोलीबाहेर पॅसेजमध्ये जमिनीवर बसले. पाठ भिंतीला. काही बोलले नाही. खरं सांगायचं तर ते फार कठीण गेलं. माझ्या तोंडात प्रश्न रांगेत उभे होते. मला काकांचा लाल झालेला चेहरा कळला.

बऱ्याच वेळाने दाराच्या आतून आवाज आला. ती माझ्याशी जर्मनमध्येच बोलते. "तू बाहेर काय करतेयस?"

"बसलेय."

"विचारणार नाहीस काही?"

"नाही."

मग कुलूप फिरल्याचा आवाज, आणि ती रजई अंगावर ओढून माझ्याशेजारी येऊन बसली. सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात तिला वर्गापुढे उभं राहून बोलायचं होतं. विषय पाठ होता. पण उभी राहिली आणि तिला श्वास घेता येईना. हात बधिर झाले. समोरच्या बाकावरच्या दोन मुली हसल्या. तिला वाटलं आपण मरतोय. आणि तेव्हापासून वर्गाचं दार दिसलं की पुन्हा तसंच होईल असं वाटतं.

"मला का नाही सांगितलंस गं?"

तिने रजई हनुवटीपर्यंत ओढली. मग म्हणाली, "कारण तू लगेच तो आवाज काढतेस."

"कुठला आवाज?"

"तो. बालवाडीचा."

मला हसू आलं, आणि तीही हसली, आणि मग आम्ही दोघी तिथे बसून थंडगार झालेले पोहे एकाच बशीतून खाल्ले. पुढचं काही झटपट झालं नाही. शाळेतल्या समुपदेशक शिक्षिकेकडे गेलो, मग एका डॉक्टरांकडे नाव नोंदवून महिनोन् महिने वाट बघितली. कधी दोन आठवडे बरे जायचे, कधी सोमवारी परत पोट दुखायचं. पण पॅसेजमध्ये बसायची आम्हाला सवय लागली. कधी कधी तिचा बाबाही येऊन बसायचा, लॅपटॉप बंद करून. त्याच्यासाठी ते काकांच्या दोन मिनिटं गप्प बसण्याइतकंच अवघड होतं.

वसंतात एकदा बालवाडीत मुलांचे बूट घालत असताना काकांचा फोन आला. नंबर त्यांनी मोज्यांवाल्या बाईंकडून घेतला होता. मागे शाळेचा गलका.

"मॉइन. तुमचा तो शब्द. नको. बरोबर ना?"

"हो. का?"

"इथे एक मुलगी आहे, बारा वर्षांची. जिन्याखाली बसलीय. एवढंच म्हणतेय. नको, नको. शाळेत कुणाला तिची भाषा येत नाही. वडील विमानाच्या कारखान्यात आहेत, फोन लागत नाही. मला वाटलं, ही तुमची भाषा असणार."

तिसऱ्या दिवशीच्या त्या सगळ्या बोलण्यातून त्यांनी एक शब्द कानात ठेवला होता. मी सहकारी बाईंना पोरं सोपवली आणि एस-बानची लोकल पकडून एल्बे नदीच्या पलीकडे त्या शाळेत गेले. अर्ध्या तासाच्या वर लागला.

जिन्यापाशी उपमुख्याध्यापक हातात फोन घेऊन येरझारा घालत होते. त्यांना रुग्णवाहिका बोलवायची होती. काका जिन्याखाली जमिनीवर बसले होते, मुलीपासून दोन हात लांब, तिच्याकडे तोंड करून नाही तर तिच्यासारखंच भिंतीला टेकून. टोपी काढून ठेवलेली, गुडघे वाकत नाहीत म्हणून पाय लांब पसरलेले. मुलगी दप्तर पोटाशी धरून बसली होती. थोड्या थोड्या वेळाने ती म्हणायची, "नको." आणि काका मान हलवून गंभीरपणे म्हणायचे, "नको." पण ते इतकं जर्मन 'नको' होतं, 'ओ' इतका लांबलेला, की मी पोचले तेव्हा तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

मी काकांच्या पलीकडे बसले. मराठीत म्हटलं, "मी पुण्याची. यांनी मला बोलावलं. तुला काही सांगायचं नसेल तर नको सांगूस."

तिने माझ्याकडे बघितलं आणि ती आईच्या कुशीत रडावं तशी रडली. नागपूरची होती. चार महिने झाले होते येऊन. त्या दिवशी वर्गाला पोहायला न्यायचं होतं. तिने नको म्हटलं तेव्हा शिक्षकांना वाटलं कपड्यांचा, धर्माचा काही प्रश्न असेल. त्यांनी समजुतीने तिला पूर्ण अंगभर पोहण्याचा पोशाख देऊ केला. त्याचा कशाशीच संबंध नव्हता. सहा वर्षांची असताना ती मामाच्या गावी कालव्यात पडली होती. मामीने वेणी धरून तिला ओढून काढलं होतं. हे सांगण्याइतकं जर्मन तिच्याकडे नव्हतं.

मी काकांना सगळं सांगितलं. ते मला म्हणाले, "तिला सांगा, मी वीस वर्षं बोटीवर होतो."

मी सांगितलं. मुलीने नाक पुसत विचारलं, "यांना पोहता येतं?"

"येतं," काका म्हणाले.

"मग यांना भीती नाही वाटत?"

"वाटते. रोज वाटायची. एकदा नोव्हेंबरात मी पडलो होतो. मला सहकाऱ्याने कॉलरला धरून ओढलं." त्यांनी आपल्या मानेमागे हात नेऊन दाखवलं. मुलीने नकळत आपल्या वेणीला हात लावला. ते भाषांतर मला करावं लागलं नाही.

त्या दिवशी ती पोहायला गेली नाही. काकांनी उपमुख्याध्यापकांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं, आणि या वेळी मात्र त्यांचा बोटीवरचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला. तिला पुढे पोहता न येणाऱ्यांच्या लहान गटात टाकलं, एका शिक्षिकेबरोबर, गुडघाभर पाण्यात. उन्हाळ्यात तिच्या आईचा फोन आला. त्या म्हणाल्या, "ताई, ती आता काठ धरून पाय मारते. अजून सोडत नाही, पण मारते." आणि मग, "तुमच्या त्या पोलीसदादांना पुरणपोळी चालते का हो?" मी म्हटलं, त्यांना सगळं चालतं.

काका गेल्या हिवाळ्यात निवृत्त झाले. मला वाटलं आता ते आपल्या बागेत बटाटे लावत बसतील. पण मोज्यांवाल्या बाईंनी त्यांना पुढच्या वर्गासाठी बोलावलं, आता शिकायला नाही, माझ्यासारखंच भूमिका करायला. त्यांना दिला होता रागावलेला बाप. त्याने शाळेच्या ऑफिसात घुसून टेबलावर हात आपटायचा, पोलिसाला शिव्या द्यायच्या, आणि पोलिसाने त्याला शांत करायचं. समोर एक सव्वीस-सत्तावीस वर्षांची पोलीस होती, नवीन वर्दीतली, कागद हातात घट्ट धरलेला.

काका दार ढकलून आत आले. मान वाकवली. टेबलापाशी पोचले. तिच्याकडे बघितलं, तिच्या हातातला चुरगळलेला कागद बघितला, आणि खुर्ची ओढून म्हणाले, "तू बस आधी."

"थांबा!" बाई ओरडल्या. "तुम्ही रागावलेले आहात!"

"हो, हो. रागावलोय." ते परत बाहेर गेले, परत आत आले. या वेळी टेबलावर हात आपटला, पण मधे पाण्याचा ग्लास होता, तो आधी उचलून बाजूला ठेवून मग आपटला. तिसऱ्यांदा त्यांनी खरंच आवाज चढवला आणि मग लगेच तिला विचारलं, "फार जोरात झालं का?"

सगळा वर्ग हसत होता, ती तरुण पोलीस सगळ्यात जास्त. बाईंनी कपाळाला हात लावला. दुपारी त्या मला म्हणाल्या, तुम्ही यांना जरा रागवायला शिकवा. म्हणून जेवणानंतर मी आणि काका मागच्या अंगणात सायकलींच्या शेडमध्ये उभे राहिलो. पाऊस पडत होता, तसा तो इथे बहुतेक वेळ पडतोच. मी त्यांना म्हटलं, समजा तुमच्या मुलीवर कुणी अन्याय केलाय. समजा तुमचं कुणी ऐकूनच घेत नाहीये. ओरडा माझ्यावर.

त्यांनी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि माझ्याकडे बघत तसेच राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुमच्या मुलीचं कसं आहे?" काका म्हणाले. "इतके दिवस विचारलं नाही."

त्यांना कळेल अशा भाषेत मी तिच्याबद्दल कधीच बोलले नव्हते. मी म्हटलं, बरं आहे. या आठवड्यात चार दिवस शाळेत गेली. आणि मग शेडमध्ये उभ्या उभ्या मी त्यांना बाकीचंही सांगत गेले, जर्मनमध्ये, व्याकरण न सांभाळता. आतून बाई दोनदा हाका मारून गेल्या.